बंदुकीला पंचामृत

"मंदावहिनी, महिन्यातून एकदा. घोडा अर्ध्यावर चढवायचा, मऊ कापडानं पुसून घ्यायचं, सावकाश उतरवायचा. या बाटलीतलं तेल, एकच थेंब. आणि पाणी नाही. काय वाटेल ते झालं तरी पाणी नाही."

एडविनभाऊंचा हा आवाज मंदाकिनीबाईंच्या कानात असा मुरला होता की बेडरूममधलं कपाट उघडलं की आधी तो ऐकू यायचा आणि मग डांबरगोळ्यांचा वास. कपाटात इस्त्रीच्या टेबलाला टेकून, जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, एक स्पॅनिश लष्करी बंदूक उभी होती. वय दोनशेच्या वर. कॅनडात, बर्नाबीच्या कॉन्डोत राहणाऱ्या, संकष्टी, एकादशी आणि प्रदोष न चुकता पाळणाऱ्या, मोठ्यानं बोलणंसुद्धा उधळपट्टी मानणाऱ्या बाईच्या कपाटात ही वस्तू आली कशी, असं कुणी विचारलं की सुधाकरराव मान वर न करता सांगत, "मला विचारलं नव्हतं."

खरं तर विचारलं होतं. ते हॉकीची मॅच बघत होते आणि "हं" म्हणाले होते.

एडविन अष्टमकर म्हणजे समोरच्या दारातले. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात दारांची कुलपं बसवण्यात त्यांचं सगळं उमेदीचं वय गेलं. रिटायर होऊन बर्नाबीला आल्यावर हात रिकामे झाले, डोकं मात्र कुलपातच राहिलं. अशात फेरीबोटीनं जायच्या बेटावरच्या एका जुन्या फार्महाऊसच्या लिलावाला ते सोफा घ्यायला म्हणून गेले आणि बंदूक घेऊन आले. त्या दिवसापासून त्यांच्या पत्नी सिबिलताई सोफ्याबद्दल बोलत आणि एडविनभाऊ चापाबद्दल. दोघांचीही गाडी एकमेकांसाठी थांबत नसे. शेवटी सिबिलताईंनीच तोडगा काढला. "जा, मंदाला सांग जा. तिला कंटाळा आला तरी ती बोलत नाही."

मंदाकिनीबाईंना कंटाळा येत नव्हता, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. चाप म्हणजे बंदुकीच्या उजव्या कुशीला बसवलेली ती सगळी लोखंडी मांडणी: चकमकीचा दगड चोचीत धरणारा घोडा, तो जिच्यावर आपटतो ती पोलादी पट्टी, पट्टीखाली चिमूटभर दारू ठेवायची रंजकाची वाटी, आणि या सगळ्यांना कामाला लावणारी स्प्रिंग. मंदाकिनीबाईंना ते देव्हाऱ्यासारखं वाटे. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाची पाळी ठरलेली.

"आधी बंदुकीला जळती वात लावायचे, वहिनी," एडविनभाऊ रविवारच्या चहाला सुरू करत. "पाऊस आला की लढाईची पंचाईत. मग घड्याळासारखं किल्ली द्यायचं चाकाचं यंत्र आलं. ते सरदाराला परवडायचं, शिपायाला कुठलं? मग स्पेनमध्ये हा चाप आला. पातिया म्हणतात याला. बघा, पट्टी आणि वाटीचं झाकण एकाच तुकड्यात. घोडा आपटला की ठिणगी पडते आणि त्याच झटक्यात झाकण उघडतं. आणि स्प्रिंग कुठं आहे? बाहेर. सगळा कारभार उघड्यावर. लपवाछपवी नाही."

"मग बिघडलं काय?" मंदाकिनीबाई चिवड्याची बशी पुढं करत.

"राजघराणं आलं फ्रेंच. त्यांना हे गावठी वाटलं. सतराशे बावन्नच्या सुमाराला फौजेच्या बंदुकांना फ्रेंच पद्धतीचा चाप आला. स्प्रिंग आत, वरून गुळगुळीत, देखणा. चाळीसेक वर्षं गेली आणि परत हुकूम, जुनाच बरा. का? तर जुन्याची स्प्रिंग दांडगी. दगड कसला का असेना, ठिणगी पाडणार. ही आपली बंदूक त्या परतीच्या काळातली."

"म्हणजे घरी आलेली."

"थोडे दिवस. अठराशे तीनला पुन्हा फ्रेंच." एडविनभाऊ बशीतला शेवटचा काजू उचलून हसत. "आमची तमार तशीच. टोरंटोला गेली आणि मलिदा सोडला. मुलं झाल्यावर धरला. आता म्हणते, पप्पा, त्यात किती साखर असते."

मलिदा म्हणजे त्यांच्यात नवस फेडताना करतात ते गोड पोहे. खोबरं, वेलदोडा घातलेले. सिबिलताईंच्या हातचा मलिदा मंदाकिनीबाईंना प्रसादासारखाच घ्यावासा वाटे आणि त्या तो तसाच, उजव्या हातात, चप्पल काढून घेत.

मग एडविनभाऊंचं हृदयाचं ऑपरेशन टोरंटोला, लेकीच्या घराजवळ करायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ते बंदूक घेऊन आले. त्याच बेटावरच्या एका लहान गावातल्या म्युझियमला त्यांनी ती कबूल केली होती. एके काळी त्या किनाऱ्यावर स्पेनचं ठाणं होतं. ही बंदूक तिथलीच असावी असं एडविनभाऊंना वाटे. सिद्ध काही झालं नव्हतं, पण म्युझियमला त्यांचं वाटणंही पुरेसं होतं.

"शोकेसमध्ये ठेवायला मेलेल्या बंदुका त्यांच्याकडे आहेत," ते म्हणाले. "ही चालती द्यायची. देताना घोडा एकदा वाजवून दाखवायचा. दगडाच्या जागी मी लाकडाचा तुकडा बसवलाय, पट्टीला धक्का लागत नाही. मी आलो तर मी वाजवीन. नाही आलो तर तुम्ही. आणि पाणी नाही. शब्द द्या."

"दिला," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"बास. सुधाकरराव असते तर लिहून घेतलं असतं."

एडविनभाऊंचं परतीचं तिकीट तसंच राहिलं. सिबिलताई लेकीकडेच थांबल्या. समोरच्या दारावरची ती तिरकी बसवलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली छोटी डबी, मेझुझा, तेवढी जागेवर होती, आणि येता-जाता मंदाकिनीबाई तिच्याकडे बघून क्षणभर थांबत.

महिन्यातून एकदा म्हणजे कधी, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. संकष्टीला. उपास असतो, मन जागेवर असतं, आणि चंद्रोदयाची वाट बघताना हाताला काम हवंच असतं. अथर्वशीर्ष झालं की त्या घोडा अर्ध्यावर चढवत, पुसत, थेंब सोडत, उतरवत. सुधाकरराव एकदा म्हणाले, "गणपतीच्या चार हातांत बंदूक नाही बरं का." मंदाकिनीबाई म्हणाल्या, "त्यांना कुणी सांभाळायला दिली नसेल."

सगळं सुरळीत चाललं होतं. पण आश्विन आला, आणि आश्विनाबरोबर खंडेनवमी.

खंडेनवमीला घरातल्या शस्त्रांची पूजा करायची हा मंदाकिनीबाईंच्या माहेरचा रिवाज. कॅनडात आल्यापासून शस्त्रं म्हणून पाटावर मांडली जात ती विळी, कात्री, सुधाकररावांचं ड्रिल आणि गाडीच्या किल्ल्या. दर वर्षी हळदकुंकू वाहताना त्यांना वाटे, देवीला हे पटत असेल ना? एवढी महिषासुरमर्दिनी, आणि तिच्यापुढं ड्रिल. यंदा मात्र घरात पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र होतं. ते कपाटात ठेवून ड्रिलची पूजा करायची, हे कुठल्या तोंडानं?

पाणी नाही, हे त्यांना पक्कं आठवत होतं. म्हणून तर त्या देव्हाऱ्यापुढं बसून बराच वेळ विचार करत होत्या. एडविनभाऊ पाणी नाही म्हणाले होते. पंचामृतात असतं काय? दूध, दही, तूप, मध, साखर. यात पाणी कुठं आलं? त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा यादी तपासली. पाणी नव्हतं.

तेव्हा चापावर रीतसर पंचामृत पडलं. पळी-पळीनं, मंत्रासहित. पंचामृतानंतर शुद्धोदक, म्हणजे स्वच्छ पाण्याची आंघोळ, हे कुणीही सांगेल. मंदाकिनीबाईंचा हात कलशाकडे गेलाही. आणि तिथं एडविनभाऊंचा आवाज आला. त्यांनी हात मागं घेतला. कोरड्या कापडानं चाप टिपला, नळीत झेंडूचं फूल खोवलं, नमस्कार केला. शब्दाखातर मोह आवरला याचं त्यांना त्या दिवशी बरं वाटलं, आणि अशा बरं वाटण्याचाही थोडा संशय आला. पण संशय आला तेवढ्यावर त्यांनी तो सोडून दिला.

संकष्टीला त्यांनी कपाट उघडलं, घोड्याला अंगठा लावला, आणि घोडा हलला नाही.

त्यांनी जोर लावला नाही. जोर लावायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी घोड्याकडे बघितलं, घोड्यानं त्यांच्याकडे. मग त्या देव्हाऱ्यापुढं जाऊन हळूच म्हणाल्या, "शब्द पुरा होईपर्यंत चहा घेणार नाही."

हे ऐकून सुधाकरराव आतून धावत आले, कारण घरात एकानं चहा सोडला की दुसऱ्याला स्वतः करून घ्यावा लागतो.

"काय झालं?"

"चाप बसला."

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "गंज," ते म्हणाले. सुधाकरराव आयुष्यभर विम्याच्या कंपनीत होते आणि कुठल्याही नुकसानीचं कारण बघता क्षणी सांगत. त्यांनी बेसमेंटच्या लॉकरमधून बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रे आणला आणि मंदाकिनीबाई "अहो, एकच थेंब म्हणाले होते" म्हणेपर्यंत अर्धा डबा मारला. बेडरूममध्ये पेट्रोल पंपासारखा वास सुटला. घोडा होता तिथंच.

म्युझियमचा कार्यक्रम दिवाळीच्या तोंडावरच्या रविवारी होता. सिबिलताईंना गुडघ्यांमुळे येणं जमणार नव्हतं, पण त्यांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "मंदा, वाजवताना फोन जवळ धर. संध्याकाळी आतल्या खोलीतून तो आवाज आला की मला कळायचं, आता हा अर्धा तास जेवायला येत नाही. इतकी चिडायचे मी. आता वर्षभरात ऐकला नाही गं."

हे वाक्य मंदाकिनीबाई मनात घेऊन फिरत होत्या. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सुधाकररावांनी मात्र चाप बसल्याचं सगळ्यांना सांगितलं.

पहिले आले नंदकुमार. ते वरच्या मजल्यावर राहत आणि बिल्डिंगच्या स्ट्राटा कौन्सिलचे, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीचे, सभासद होते. नागपूरचे. पूर्वी बॉयलरचे इंजिनिअर, त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट गरम केली की सुटते असं त्यांचं मत होतं. "वहिनी, धातू एक्स्पांड व्हायला पाहिजे. बाल्कनीत ऊन येतं ना? ठेवून द्या तासभर."

दुसरी आली गुंजन, मंदिरातल्या भजनाच्या ग्रुपमधली. ती म्हणाली, तांदळात पुरा, तिचा फोन तसाच दुरुस्त झाला होता. बंदूक मावेल एवढे तांदूळ कुठून आणायचे, यावर तिनं थोडा विचार केला आणि खोबरेल तेल सुचवलं. मुलगी देवयानी रेजिना शहरात राहायची; तिला फोन लावला तर ती ऑफिसमध्ये होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "आई, यू गेव्ह योगर्ट टू अ गन?"

"पूजेत," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"ओके. आय हॅव अ मीटिंग."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ऑक्टोबरात बर्नाबीला ऊन पडलं की माणसं कामं टाकून बाहेर येतात, तेव्हा बंदुकीनं का येऊ नये? मंदाकिनीबाईंनी बाल्कनीतल्या खुर्चीवर उशी ठेवली, उशीवर बंदूक ठेवली, आणि नळी कुणाच्या घराकडे नको म्हणून वळवून डोंगराकडे केली. डोंगर आणि नळी यांच्यामध्ये समोरचा टॉवर येतो, हे खुर्चीत बसल्यावर दिसत नाही.

बेल वाजली तेव्हा त्या वाती वळत होत्या. दारात दोन पोलीस. पुढची पोरसवदा बाई, मागं एक उंच गृहस्थ. मंदाकिनीबाईंनी त्यांना आत घेतलं आणि इतक्या मृदू आवाजात बूट काढायला सांगितलं की त्यांनी ते खरोखरच काढले. गोष्ट गंभीर होती, आणि मोजे पांढरे होते.

सुधाकररावांनी इंग्रजीत स्पेनच्या राजघराण्यापासून सुरुवात केली. पोलीसबाईनं त्यांना हात दाखवून थांबवलं. बंदूक फार जुनी आहे, चकमकीची आहे, कायद्यानं अँटिक आहे, एवढं त्या उंच गृहस्थांना लगेच कळलं. ते वाकून कौतुकानं बघायला लागले. पण बाईला तिचं काम करायचं होतं.

"इज इट लोडेड?"

"नो," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"एनीथिंग इन इट अ‍ॅट ऑल?"

आता मंदाकिनीबाई खोटं बोलत नसत. शेजारणीच्या फसलेल्या अनारशांनाही त्या कधी छान झालेत म्हणाल्या नव्हत्या, रंग छान आलाय म्हणाल्या होत्या. त्यांनी बोटांवर मोजलं. "मिल्क. योगर्ट. घी. हनी. शुगर."

पोलीसबाईनं लिहिता लिहिता वर बघितलं. "अँड व्हाय, मॅम?"

"फॉर रिस्पेक्ट."

मग मागचे गृहस्थ म्हणाले, त्यांची आजी दर ईस्टरला ट्रॅक्टरवर होली वॉटर शिंपडायची. "डिड इट हेल्प?" सुधाकररावांनी आस्थेनं विचारलं. "नो सर. बट इट नेव्हर गॉट स्टोलन." पोलीस बंदूक आत ठेवायला सांगून, बुटांच्या नाड्या बांधून, निघून गेले.

संध्याकाळी नंदकुमार आले ते हातात कागद घेऊन. चेहरा कौन्सिलचा होता. बाल्कनीत फर्निचर आणि झाडं यांखेरीज वस्तू ठेवल्याबद्दल समज.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना ऊन द्या म्हणून," सुधाकरराव म्हणाले.

"ते मी नंदकुमार म्हणून म्हणालो. हे कौन्सिल म्हणून आहे." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि पुन्हा नंदकुमार होऊन विचारलं, "सुटला का?"

सुटला नव्हता. उलट ऊन खाऊन आणखी घट्ट बसला होता.

न्यू वेस्टमिन्स्टरला बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे असं कळलं. दोघं तिथं गेले. म्हाताऱ्यानं साडी उलगडली आणि बराच वेळ नुसतं बघितलं. घोड्याला जोर लावला तर बाहेरची स्प्रिंग तुटेल, तुटली तर तशी घडवून देणारा आता कुणी नाही, म्हणाला. जानेवारीत ठेवून जा, सावकाश बघतो. दिवाळी जानेवारीत नसते, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. जाताना त्यानं चाप हुंगला आणि विचारलं, "यू गाईज स्मेल दॅट? काइंड ऑफ लाइक बटर."

परत येताना गाडीत सुधाकरराव म्हणाले, "दे तशीच. एडविन काही बघायला येत नाही."

मंदाकिनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "म्हणून तर," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर सुधाकररावांनी स्वतःचा चहा केला, कपाकडे बघितलं आणि तो सिंकमध्ये ओतून दिला. हे मंदाकिनीबाईंनी बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं.

सकाळी बेडरूममध्ये मुंग्या निघाल्या. बारीक, काळ्या, शिस्तीच्या. खिडकीच्या फटीतून निघून, गालिच्याच्या कडेनं, इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालून, साडीच्या निऱ्यांतून थेट रंजकाच्या वाटीत. सुधाकरराव पेस्ट कंट्रोलचा नंबर शोधायला लागले. मंदाकिनीबाई मात्र गुडघ्यावर बसून त्या रांगेकडे बघत राहिल्या. तेल झालं, स्प्रे झाला, ऊन झालं. सगळे गंज, गंज म्हणत होते. मुंग्या गंज खात नाहीत.

हा पाक होता. मध, साखर, वर तूप. आधी नुसता चिकटलेला, आणि उन्हात ठेवल्यावर चांगला आळलेला. पाक आळून कढईला बसला तर बाई काय करते? तेल घालते? कढईत गरम पाणी घालून ठेवते आणि दुसऱ्या कामाला लागते. शिवाय हे पूजेतच सांगितलेलं होतं. पंचामृतानंतर शुद्धोदक. पाणी नको म्हणून त्या नेमक्या तिथंच थांबल्या होत्या. पूजा अर्धी राहिली होती आणि घोडा पूजा पुरी व्हायची वाट बघत बसला होता.

गरम पाण्याची किटली गॅसवर ठेवायला त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या. काय वाटेल ते झालं तरी पाणी नाही.

एक शब्द पाळायचा तर दुसरा मोडायचा. सोडवणारा माणूस टोरंटोच्या मातीत. नेम आपण धरला तर देवाची क्षमा मागून सोडता येतो, पण दुसऱ्याला दिलेला शब्द स्वतःच कसा सोडून घेणार? त्यांनी किटलीचा विचार बाजूला ठेवला आणि सिबिलताईंना फोन लावला. पंचामृतापासून पोलिसांपर्यंत सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

पलीकडून एक विचित्र आवाज आला, आणि मंदाकिनीबाई घाबरल्या. सिबिलताई हसत होत्या.

"मंदा, तो विमानात मला म्हणाला होता. मंदावहिनी बंदुकीला आंघोळ घालणार. तू नव्या मिक्सरला पूजेत आंघोळ घातली होतीस, ते त्यानं बघितलं होतं ना. म्हणून तर बाई पाणी नाही म्हणाला. दही त्याच्या डोक्यात आलं नसेल."

"मिक्सर चालतो अजून," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"आणि ती बंदूक आणली तेव्हा त्यानं काय केलं माहितेय? माझी चहाची किटली नेली. उकळतं पाणी ओतलं, लगेच सुकवली, मग तेल. शिपाईसुद्धा असंच करायचे म्हणाला, दारूची काजळी पाण्यानंच निघते म्हणे. त्या किटलीवरून आमचं किती वाजलं."

"पण मी शब्द दिलाय, सिबिलताई. पाणी नाही म्हणून."

सिबिलताईंना ही गोष्ट हसण्यासारखी वाटली नाही, आणि त्यासाठी मंदाकिनीबाईंना त्यांच्याबद्दल पुढं कायम माया वाटत राहिली.

"आमच्यात शब्दातून मोकळं करतात," सिबिलताई म्हणाल्या. "तीन माणसं लागतात. खरं तर पुरुष लागतात, पण या घरात एक अवनेरच आहे, आणि तो टॅक्स करतोय. थांब. तमार, इकडे ये. अवनेर, ते ठेव खाली. अरे ठेव म्हणते ना."

जावयाचा आवाज आला, धर्मगुरूंची आठवण करून देणारा. "मम्मी, रॅबायला विचारायला पाहिजे."

"रॅबायला बंदुकीचं काय कळतंय. बस इथं."

फोन स्पीकरवर गेला. टोरंटोच्या कुठल्याशा डायनिंग टेबलाभोवती खुर्च्या सरकल्या. इकडे मंदाकिनीबाईंनी पदर डोक्यावर घेतला. तिकडून कुणाला दिसणार नव्हता, पण घेतला. तमार म्हणाली, "मंदामावशी, व्हॉट डू यू रिग्रेट, ते आधी सांगायचं असतं."

मंदाकिनीबाईंनी विचार केला. पंचामृताचं वाईट वाटत नव्हतं, हे खरं होतं. "शब्द देताना त्यांना विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "की तुम्हाला पाण्याची भीती आहे की चापाची काळजी. विचारायला हवं होतं. ते समोर होते."

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग तिघांनी मिळून, अवनेरनं जरा उशिरानं, सांगितलं: मोकळी आहेस. मोकळी आहेस. मोकळी आहेस.

"आता जा, किटली ठेव," सिबिलताई म्हणाल्या. "आणि आता वाजवलास तरी मला ऐकवू नकोस. रविवारी ऐकीन."

सुधाकररावांनी टब पुसून दिला. मंदाकिनीबाईंनी बंदूक आडवी धरली, आणि जिथं नवमीला हात थांबला होता तिथून मंत्र उचलला. गरम पाणी पळी-पळीनं चापावर सोडलं. आधी पिवळसर ओघळ आला, मग गढूळ, मग झेंडूची एक चुकार पाकळी, मग नितळ. मुंग्या वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या आधीच कागदावर घेऊन खिडकीत सोडल्या होत्या. सुधाकररावांनी देवयानीचा जुना हेअर ड्रायर धरला आणि सगळ्या खाचांतून फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर कुठल्याच नुकसानीचं कारण दिसत नव्हतं. मग तेल. एकच थेंब.

अंगठा लावला. घोडा अर्ध्यावर आला. पूर्ण चढला. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून खटका ओढला आणि लाकूड पट्टीवर आपटलं. घरात, कपाटात, समोरच्या बंद दारापर्यंत जाईल असा दणदणीत आवाज झाला. वर नंदकुमारांच्या घरात खुर्ची सरकली.

"सुटला वाटतं," सुधाकरराव म्हणाले, आणि ड्रायर चालूच ठेवून थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले.

रविवारी पहाटे नंदकुमार खाली आले ते स्की ठेवायची लांब बॅग घेऊन. "कौन्सिल म्हणून नाही," ते म्हणाले. "लिफ्टमध्ये कुणी घाबरायला नको." बॅगेत साडीत गुंडाळलेली बंदूक बरोबर मावली. मंदाकिनीबाईंनी बॅग क्षणभर देव्हाऱ्यापुढं ठेवली, अक्षता वाहिल्या, आणि उत्तरपूजेत मूर्ती हलवतात तशी जागेवरून बोटभर सरकवली. त्या काय पुटपुटल्या ते कुणाला ऐकू गेलं नाही.

सुधाकररावांनी खाली गाडी काढली होती. फेरीची वेळ गाठायची तर आता निघायलाच हवं होतं. मंदाकिनीबाई समोरच्या दारापाशी थांबल्या. मेझुझाकडे बघितलं. सिबिलताई हात लावून बोटं ओठांना टेकवत, ते त्यांनी कित्येकदा बघितलं होतं. त्यांनी फक्त हात जोडले.

मग त्या मागच्या सीटवर बसल्या, बॅग आडवी मांडीवर घेतली, आणि पर्समध्ये फोन चार्ज झालेला आहे ना ते बघितलं. पायाशी थर्मास होता, आलं घातलेल्या चहाचा, दोन कपांसह. त्याला म्युझियममधल्या आवाजानंतरच हात लावायचा होता. मंदाकिनीबाईंनी त्याचं झाकण पुन्हा एकदा घट्ट आवळलं.

"निघू या," त्या म्हणाल्या.